जितक्या आत, तितक्या बाहेर

बोगद्यात शिरण्याआधी हॉर्न वाजवायचा असतो. एकदाच, आखूड. आत जे कोणी असतील त्यांना कळावं, की आम्ही नुसते चाललोय, राहायला आलेलो नाही. आमच्याकडे ट्रकवाले वाजवतात, टॅक्सीवाले वाजवतात, विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारा माझा नवराही वाजवतो. विचारलं तर म्हणतो, "हॉर्न चालतोय का ते बघितलं." दर बोगद्याला बघतो.

मी पियानो सुरात लावून देते. आमच्या ताइनान शहरातल्या निम्म्या पियानोंचं काम घरातले फोटो पेलण्याचं असतं, पण वर्षातून एकदा लोक फोटो बाजूला करतात आणि मला बोलावतात. त्रेचाळिसाव्या वर्षी मी मोटरसायकल घेतली तेव्हा नवरा म्हणाला, कानांची वाट लागेल. आई म्हणाली, संसाराची लागेल. याला बारा वर्षं झाली. दोन्ही गोष्टी शाबूत आहेत.

आम्ही चौघी. महिन्यातून दोन रविवारी डोंगर ओलांडून पूर्वेच्या समुद्रापर्यंत जायचं, भात-मासा खायचा आणि परत यायचं. रांग ठरलेली. पुढे मी, कारण मला रस्ते पाठ आहेत. माझ्यामागे वान-रू, बँकेत काम करते, चव्वेचाळीस वर्षांची, आमच्यात तिला 'पोर' म्हणतात. तिसरी पी-युन, जिची न्याहारीची गाडी आहे. शेवटी फेंगताई. फेंगताईनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावरही ती हॉटेलातून निघताना माणसं मोजते. ओळखीची नसली तरी.

मोजण्याचा नियम तिचाच. सहा वर्षांपूर्वी चिन्शुईच्या जुन्या बोगद्यात वान-रूची साखळी उतरली आणि आम्ही तिघी तिला तिथंच सोडून समुद्रापर्यंत गेलो. हॉटेलात चार वाट्या मागवल्या, चौथी समोर गार होत बसली, तेव्हा कुठं लक्षात आलं. परत गेलो तर पोर बोगद्याच्या तोंडाशी दगडावर बसून रडत होती आणि रडताना केळं खात होती. "या, या," म्हणाली. "जेवण झालं का?"

तेव्हापासून नियम असा, की आत शिरताना प्रत्येकीनं एक हॉर्न द्यायचा. पुढचीनं ते मोजायचे. पलीकडे कापराच्या झाडाखाली रस्ता रुंद होतो, तिथं थांबायचं. जितके हॉर्न आत ऐकले तितक्या गाड्या बाहेर आल्याशिवाय कुणी हलायचं नाही. "जितकी चढली तितकी उतरली पाहिजेत," फेंगताई म्हणायची. "एकतीस वर्षांत एक पोर हरवलं नाही माझं. तुमच्यासारख्या म्हशी काय हरवणार?"

मला मोजणं सोपं जायचं. माझा हॉर्न पांढरी पाच या सुरावर, जरा चिरका. वान-रूचा रबरी बदकासारखा. फेंगताईचा बसला शोभेल असा. आणि पी-युनचा कुणाचाच नाही असा. तिच्या वडिलांच्या मासळीच्या टेम्पोवरून काढून तिनं तो बसवून घेतला होता. त्यात दोन सूर एकदम वाजायचे, एक काळी दोनवर आणि दुसरा त्याच्या खाली, कशातच न बसणारा. मी एकदा म्हटलं, "आण गाडी, दोन तासांत जुळवून देते." ती म्हणाली, "नको गं ताई. माझ्या घरातलं एवढं एकच भांडण मला आवडतं."

फेब्रुवारीच्या शेवटी, सकाळी सव्वासहाला, कांद्याच्या पातीची पोळी लाटता लाटता पी-युन खाली बसली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, पहिले सहा महिने महत्त्वाचे. जे परत यायचं ते तेवढ्यात येतं.

आम्ही जाणं बंद केलं. तिचा नवरा आ-खुन गाडीही सांभाळायचा आणि तिलाही. पाचव्या आठवड्यात ती "गरम" म्हणाली. मग नवऱ्याला चुकीच्या नावानं हाक मारली. त्यानं मला हे इतक्या आनंदानं फोनवर सांगितलं, की ते नाव कुणाचं हे मी विचारलं नाही. तोच म्हणाला, "ली-चूताई, तुम्ही जा आता डोंगरात. ती खिडकीतून गाड्या बघत असते. तुम्ही जाऊन आलात हे सांगायला तरी मला काहीतरी असू दे."

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी निघालो. तिच्याच गाडीवर सोयाबीनचं दूध प्यायलो, आ-खुनच्या पोळ्या खाल्ल्या. त्या पोळ्यांबद्दल कुणी काही बोललं नाही, यावरून आमचं त्याच्यावर किती प्रेम आहे ते कळावं.

चिन्शुईचा बोगदा साडेसहाशे मीटर लांब आहे, एकेरी वाहतुकीचा, मध्ये किंचित वळलेला. एका टोकाकडून दुसरं दिसत नाही. नवा रस्ता झाल्यापासून तिथून शेतकरी आणि आमच्यासारखे रिकामटेकडे तेवढे जातात; येताना आम्हीही नव्या रस्त्यानंच येतो. दिवे काढून नेलेत, छत गळतं. आम्ही पोचलो तेव्हा नऊ चाळीस झाले होते, स्वच्छ ऊन होतं.

मी हॉर्न दिला आणि शिरले. मागून बदक. मग दोन सूर, भांडणारे. मग बस.

चार. मी मनात टिकमार्क केला आणि पुढे गेले. सहा वर्षांची सवय. बोगद्याच्या वळणावर, पाणी हेल्मेटवर टपटपत असताना, मला कळलं की मी काय मोजलं ते.

बाहेर आले, थांबले. वान-रू आली. फेंगताई आली. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

"चला," मी म्हटलं.

गेलो.

हॉटेलात वान-रूनं चहात उकडलेलं अंडं इतकं बारीक सोललं, की अंड्यापेक्षा टरफलाचा ढीग मोठा झाला. शेवटी फेंगताई बोलली.

"आपण रांगेत तिची जागा मोकळी ठेवतोय, लक्षात आलंय का?"

"सवयीनं," मी म्हटलं.

"सवयीनंच. मी त्या मोकळ्या जागेच्या मागे होते. हॉर्न तिथून आला."

"प्रतिध्वनी असेल," वान-रू म्हणाली.

"कुणाचा?"

प्रतिध्वनी मूळ आवाजाशी प्रामाणिक असतो. थकतो, उशिरा येतो, पण पांढरी पाच बाहेर गेली तर काळी दोन परत येत नाही. ते दोन सूर मी कुठंही ओळखीन. बारा वर्षं ते माझ्या डोक्यात दुरुस्त होण्याची वाट पाहतायत.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. कुतूहल वाटलं. घरी येऊन नवऱ्याला विचारलं. त्यानं कागदावर बोगद्याचं चित्र काढलं, बाण काढले, हवेचे थर काढले आणि अर्ध्या तासानं म्हणाला, "तू दमली होतीस."

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. या वेळी मी फोन आवाज टिपायला लावून छातीवरच्या खिशात ठेवला. शिरताना बदक आलं, बस आली. मधे काही नाही. मी तीन मोजले आणि मला चक्क निराश वाटलं.

वळणाजवळ तो वाजला. मागून नाही. बाजूनं, भिंतीकडून, अगदी खांद्याशी. आम्ही पुढे निघून गेल्यावर मागून पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्यांदा लांबवलेला. आम्ही कुणी वेग कमी केला नाही. उलट वाढवला, हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

घरी फोन लावून ऐकलं. इंजिनं, पाणी, आणि ते दोन सूर. मी माझा सूर तपासायचा काटा मांडीवर आपटून कानाशी धरला. काळी दोन, केसभर उतरलेली. शंकाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या गाडीमागच्या घरी गेले. पी-युन खिडकीशी खुर्चीत होती. महिन्यापूर्वी मला पाहून डावा हात उचलायची. आज तिचे डोळे माझ्यावर होते, पण लांबवर काहीतरी शोधल्यासारखे. दुपारचे बारा वाजले होते आणि तिच्या शेजारी दिवा लावलेला होता.

"मालवू देत नाही," आ-खुन म्हणाला. "विझवला की घशातून आवाज काढते. भर दुपारी."

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा गेलात ना, त्या रविवारपासून. मी तिला भरवत होतो. भिंतीवर घड्याळ समोरच आहे, नऊ चाळीस. तिनं डाव्या हाताचा अंगठा असा दाबला." त्यानं हवेत दाबून दाखवला. हॉर्नचं बटण डाव्या अंगठ्याखाली असतं. "मला वाटलं, बरी होतेय. हसलो मी. तिथपासून ती गेलीच. 'गरम' म्हणत नाही. मला चुकीच्या नावानंही हाक मारत नाही. डॉक्टर म्हणतात, कधी कधी मागे जातं माणूस. ली-चूताई, ती मागे कुठं गेली?"

मी तिच्या पायांवरची शाल नीट केली. पाय थंड होते. केस कपाळाशी ओले होते.

"आत्ताच न्हाऊ घातलं का?"

"नाही. पुसतो, पुन्हा ओले होतात. छत बघितलं मी, गळत नाही."

मागच्या बोळात तिची मोटरसायकल कापडाखाली होती. कापड काढलं. बॅटरी मार्चमध्येच काढून वान-रूच्या भावानं नेली होती. हॉर्नच्या दोन्ही तारा सुटून लोंबत होत्या. तरी मी बटण दाबलं. काही झालं नाही. काही झालं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तिघी फेंगताईकडे जमलो. मी सगळं सांगितलं, क्रमानं, तारखांसकट. वान-रू रडायला लागली. फेंगताई बराच वेळ पपई कापत राहिली. मग सुरी खाली ठेवली.

"ली-चू, त्या दिवशी तू किती मोजलेस?"

"चार."

"आणि बाहेर किती?"

मी तीन बोटं वर केली.

"चार चढली, तीन उतरली, आणि आपण बस हलवली," फेंगताई म्हणाली. "ती आपल्याबरोबर आली होती गं. नेहमीसारखी. हॉर्न दिला, शिरली. बाहेर तिची वाट बघायला कुणी नव्हतं."

"फेंगताई, असं नसतं काही," मी म्हटलं. सुशिक्षित माणसानं हे एकदा तरी म्हणायला हवं म्हणून.

"नसू दे. तिचे केस का ओले आहेत ते सांग मग."

बोगद्यात उलट्या दिशेनं परत जाता येत नाही, एकेरी आहे. आणि गेलो तरी काय उचलून आणणार होतो? उपाय एकच होता, आणि तो आमच्या नियमातच होता. जायचं, पलीकडे थांबायचं, आणि ती आल्याशिवाय हलायचं नाही. आ-खुनला मी फोनवर सांगितलं, तेव्हा मला वाटलं तो रागावेल. तो म्हणाला, "किती वाजता? मी गाडी बंद ठेवतो त्या दिवशी." न्याहारीवाल्यानं रविवारी गाडी बंद ठेवणं म्हणजे काय ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

मे महिन्याचा पहिला रविवार. नऊ अडतीसला आम्ही बोगद्याशी होतो. मी हॉर्न दिला. बदक. बस. तीन.

वळणावर हळू झालो. भिंतीकडून काहीच आलं नाही. फेंगताई मागून ओरडली, "पी-युन! आम्ही पलीकडे आहोत!" एकतीस वर्षं पोरांना ज्या आवाजात हाका मारल्या, त्याच आवाजात.

बाहेर आलो, कापराच्या झाडाखाली गाड्या लावल्या, इंजिनं बंद केली. आ-खुनला फोन लावला. एकच काडी दिसत होती नेटवर्कची, पण लागला.

"मी तिच्याजवळ बसलोय," तो म्हणाला. "दिवा लावलाय."

"राहू दे लावलेला."

दहा मिनिटं गेली. बोगद्याच्या तोंडातून थंड हवा येत होती. वान-रूनं पिशवीतून केळं काढलं, आमच्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं.

पंधरा मिनिटं.

"आपण वेड्या आहोत का?" वान-रूनं हळूच विचारलं.

"हो," फेंगताई म्हणाली. "थांब."

मी उठून माझ्या गाडीचं बटण दाबलं. आखूड, एकदा. पांढरी पाच आत गेली, भिंतींना लागत लागत विरली.

आतून उत्तर आलं. खूप लांबून. दोन सूर.

वान-रूनं माझा दंड धरला. मी पुन्हा दाबलं. उत्तर आलं, जरा जवळून.

"तिला घाम आलाय," फोनमधून आ-खुन म्हणाला. "अंगठा दाबतेय. ली-चूताई, तिचा अंगठा!"

मी दाबत राहिले. ती येत राहिली. वळणाच्या पलीकडून. वळणावर. अलीकडे. इंजिनाचा आवाज नव्हता, दिवा नव्हता, फक्त ते भांडण, दर वेळी मोठं. मग बोगद्याच्या तोंडाशी, आमच्यापासून चार पावलांवर, असं वाजलं की फेंगताई बाजूला सरकली. वाट द्यायला सरकावं तशी.

तळलेल्या कांद्याच्या पातीचा वास आला. आमच्या मधून गेला.

फोनमध्ये काहीतरी पडलं. मग आ-खुनचा श्वास. मग, त्याच्या मागून, जाड, अडखळता, पण तिचाच आवाज.

"किती... वेळ... लावलात गं?"

वान-रू रडत रडत ते केळं सोलायला लागली. फेंगताई "म्हैस, म्हैस," म्हणत हातमोज्यानं डोळे पुसायला लागली. आ-खुन मोठ्यानं रडत होता आणि तिला विचारत होता, मी कोण, मी कोण, सांग. तिनं त्याचं नाव सांगितलं. बरोबर सांगितलं.

"ते छताचं पाणी," ती म्हणाली. "सारखं डोक्यावर."

"झालं आता," मी म्हटलं. "आलीस ना बाहेर."

"आले."

गाडीवर बसता बसता मी नेहमीचं विचारलं. पुढचीनं निघण्याआधी विचारायचं असतं म्हणून. "सगळ्या आल्या?"



"मी आले," पी-युन म्हणाली. शब्द शोधत, एक एक. "ती मागे आहे माझ्या. हळू येते."

फेंगताईचा हात डोळ्यांवरच थांबला.

"कोण?"

"आतली. तिनंच वळणापर्यंत आणून सोडलं मला." ती दम खायला थांबली. "बिचारीसाठी कुणी थांबलंच नाही कधी. मी सांगितलंय तिला. आमच्या थांबतात. हॉर्न दे म्हटलं, की मोजतात."

आम्ही तिघींनी बोगद्याकडे पाहिलं. ऊन तोंडाशी दोन हात आत जाऊन संपत होतं.

आतून हॉर्न आला. आखूड, एकदा. नियमाप्रमाणे.

माझा कान सूर शोधायला लागला, त्याला दुसरं येतच नाही. पांढरी पाच होती. माझ्या हॉर्नचीच, थोडी चुकलेली. ती पुन्हा आली, जवळून, या वेळी बरोबर लागलेली, आणि सूर संपल्यावर मला श्वास आत घेतलेला ऐकू आला.

तो हॉर्न नव्हता. कुणीतरी तोंडानं तसा आवाज काढत होतं.